हिरड्यांतून रक्त येत असताना दातांची घरगुती स्वच्छता कशी राखावी?

कोथरूडच्या एका भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे वय बेचाळीस आहे. गेले काही महिने ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येते, म्हणून ज्या बाजूला रक्त येते तिथे त्यांनी ब्रश लावणे बंद केले असून बोटाने मीठ-हळद चोळणे सुरू केले आहे. दंतवैद्यांनी स्केलिंग, म्हणजे दातांवरचा टणक थर उपकरणाने काढून घेण्यास सांगितले आहे, परंतु दात साफ करून घेतले की ते सैल होतात असे शेजारी सांगतात. त्यांना नुकताच मधुमेह असल्याचे निदान झाले आहे. घरात पाच वर्षांचा मुलगा आहे आणि सासूबाई आहेत. सासूबाईंच्या वरच्या जबड्यात कवळी आहे, खाली काही दात स्वतःचे आहेत आणि त्या अनेक वर्षे मिश्री लावतात. या सर्वांनी घरी काय करावे आणि पेस्ट कोणती वापरावी, असे त्यांनी विचारले आहे.

पेस्टचा प्रश्न सर्वात शेवटी विचारायला हवा, असे माझे अनेक वर्षांच्या व्यवसायानंतरचे स्पष्ट मत आहे. आधी ज्या गोष्टीने आपले नुकसान होत आहे तिच्याविषयी लिहितो. हिरडीतून जिथे रक्त येते तिथेच ब्रशची सर्वाधिक गरज असते, आणि आपण नेमके तिथूनच तो काढून घेतला आहे. ब्रश लागल्यामुळे हिरडी फुटली, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात निरोगी हिरडी मऊ ब्रशने रक्ताळत नाही. दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या कडेवर जंतूंचा चिकट, फिकट थर साचून राहिला की शरीर तिथे रक्तपुरवठा वाढवते. हिरडी लाल आणि सुजरी होते, तिचे आतील अस्तर नाजूक होते आणि ब्रशच्या साध्या स्पर्शानेही रक्त दिसते. त्या भीतीने ब्रश थांबवला की थर वाढतो, थर वाढला की सूज वाढते, आणि पुढच्या वेळी रक्त अधिक येते.

हा कार्यकारणसंबंध फार पूर्वी स्वच्छपणे सिद्ध झालेला आहे. १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्या असलेल्या, बहुतांश विद्यार्थी असलेल्या तरुणांना दातांची सर्व स्वच्छता थांबवण्यास सांगितले. दहा ते एकवीस दिवसांच्या आत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या, आणि स्वच्छता पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. हिरड्यांची ही पहिली अवस्था पूर्णपणे परत फिरवता येते, आणि ती परत फिरवण्याचे मुख्य काम दवाखान्यात नव्हे तर घरच्या बेसिनसमोर होते, हे मी माझ्या प्रत्येक रुग्णाला आग्रहाने सांगतो. मात्र सूज हाडापर्यंत उतरली आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजले, तर गेलेले हाड घरच्या कोणत्याही उपायाने परत येत नाही. म्हणून आपल्या बाबतीत काही महिने गेले आहेत ही गोष्ट मला गंभीर वाटते.

स्केलिंगची भीती कशी निर्माण होते, हे समजून घेतल्याशिवाय ती जाणार नाही. जंतूंचा मऊ थर जागेवर राहिला तर लाळेतील क्षार त्यात बसू लागतात आणि काही दिवसांत त्याचे टणक किटण होते. किटण ब्रशने निघत नाही, मीठ चोळूनही निघत नाही. ते उपकरणानेच काढावे लागते. किटण साचलेले असताना दातांच्या मधल्या जागा त्याने आणि सुजलेल्या हिरडीने भरलेल्या असतात. ते निघाले आणि सूज उतरली की हिरडी आपल्या खऱ्या पातळीवर बसते, फटी दिसू लागतात, उघडी पडलेली मुळे काही दिवस गार पाण्याने शिवशिवतात आणि आधीपासून सैल असलेला दात किटणाचा आधार गेल्यामुळे हलताना जाणवतो. फट पाडली ती हाड झिजवणाऱ्या सुजेने. साफसफाईने ती केवळ उघड केली. तेव्हा आपण स्केलिंग अवश्य करून घ्यावे. खर्चाची अडचण असेल तर धनकवडीचे भारती विद्यापीठ किंवा पिंपरीचे डॉ. डी. वाय. पाटील अशा दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांत शिक्षकांच्या देखरेखीखाली हे काम तुलनेने कमी खर्चात होते. तिथे वेळ मात्र हाताशी ठेवून जावे.

आता ब्रश करण्याविषयी. बहुतेक लोक दात घासतात, आणि इथेच बिघडते, कारण स्वच्छ करायची असते ती दात आणि हिरडी यांच्यामधली कड. दाताचा मधला, फुगीर भाग जीभ, गाल आणि अन्न यांच्या घर्षणाने बऱ्यापैकी स्वच्छ राहतो. थर टिकतो तो कडेवर. म्हणून मऊ तंतूंचा, लहान डोक्याचा ब्रश घ्यावा आणि त्याचे तंतू हिरडीच्या दिशेने सुमारे ४५ अंशांत तिरपे टेकवावेत. वरच्या दातांना तंतूंची टोके वर, खालच्या दातांना खाली रोखलेली असावीत. अर्धे तंतू दातावर आणि अर्धे हिरडीच्या कडेवर राहतील असे पाहावे, आणि ब्रश जागचा न हलवता अगदी आखूड, थरथरल्यासारख्या हालचाली कराव्यात. एका वेळी दोन-तीन दात झाले की पुढे सरकावे. ब्रश मुठीत न धरता पेन धरल्यासारखा बोटांत धरला तर जोर आपोआप कमी होतो. एका महिन्यात ज्यांच्या ब्रशचे तंतू फाकतात ते फार जोर लावत असतात, आणि अशा लोकांच्या दातांना हिरडीलगत खाचा पडलेल्या मी वारंवार पाहतो. एरवी ब्रश साधारण तीन महिन्यांनी बदलावा.

सुरुवात कुठून करावी यालाही महत्त्व आहे. आपण सर्व जण समोरच्या दातांच्या बाहेरच्या बाजूने सुरुवात करतो, कारण आरशात तेच दिसतात, आणि आतल्या बाजूला पोहोचेपर्यंत आपले लक्ष उडते. खालच्या समोरच्या दातांची जिभेकडील बाजू आणि वरच्या दाढांची गालाकडील बाजू या दोन ठिकाणी लाळेच्या ग्रंथींची तोंडे उघडतात, म्हणून तिथे किटण सर्वात लवकर धरते. माझी सूचना अशी, की ब्रश प्रथम खालच्या दातांच्या आतल्या बाजूला, उभा धरून लावावा. मग वरची आतली बाजू, मग बाहेरच्या बाजू आणि शेवटी दाढांचे चघळण्याचे पृष्ठभाग घ्यावेत. दोन मिनिटे हा किमान वेळ आहे, आणि घड्याळ लावल्याशिवाय दोन मिनिटे किती असतात याचा अंदाज सहसा चुकतो. काम नीट झाले का हे पाहण्यासाठी ब्रश झाल्यावर स्वच्छ नखाने हिरडीच्या कडेलगत दातावर हलकेच ओढून पाहावे. नखावर पांढरट, चिकट पदार्थ आला तर तिथे ब्रश पोहोचला नव्हता.

रक्त येणाऱ्या जागी आज रात्रीपासूनच याच पद्धतीने, जोर न लावता, परंतु न टाळता ब्रश करावा. पहिले काही दिवस रक्त येईल. त्याला घाबरू नये. किटण काढून झाले असेल आणि स्वच्छता नेमकी असेल तर दोन आठवड्यांत फरक स्पष्ट दिसतो. तसा तो दिसला नाही, किंवा ब्रश न लावताही रक्त येत असेल, हिरडीतून पू येत असेल, दात हलत असेल, तर पुन्हा तपासणीला जावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नये. दंतवैद्यांना तिच्याविषयी आधी सांगावे.

ब्रश कितीही चांगला केला तरी दोन दातांच्या मधल्या जागेत तो जात नाही, आणि हिरड्यांचा आजार बहुधा त्या मधल्या जागेतच सुरू होतो. तरीही हा भाग आपल्याकडे जवळजवळ पूर्ण दुर्लक्षित आहे. चिवडा किंवा मिसळीतली फरसाण अडकली की दातकोरणी शोधायची, एवढ्यापुरताच या जागेचा विचार होतो. टाचणीने किंवा पिनेने कोरण्याने तर हिरडीला जखमच होते. दात एकमेकांना घट्ट चिकटलेले असतील तिथे फ्लॉस वापरावा. सुमारे ४५ सेंटीमीटर धागा घेऊन त्याची दोन टोके दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळावीत, तो मागेपुढे करत सावकाश आत उतरवावा, एका दाताभोवती वळवून हिरडीच्या किंचित खालपर्यंत न्यावा आणि वरखाली फिरवावा. मग शेजारच्या दाताच्या बाजूनेही तसेच करावे. धागा झटक्याने खाली आपटला तर हिरडी कापते. जिथे फटी पडल्या आहेत तिथे, आणि स्केलिंगनंतर आपल्याला त्या बहुधा दिसतील, फ्लॉसपेक्षा दातांमध्ये घालायचा बारीक, बाटली धुण्याच्या ब्रशसारखा दिसणारा इंटरडेंटल ब्रश अधिक चांगले काम करतो. तो वेगवेगळ्या जाडीत मिळतो. जोर न लावता आत जाईल पण सैल फिरणार नाही अशी जाडी निवडावी. एकाच तोंडात दोन वेगळ्या जाडीचे ब्रश लागणे अगदी सामान्य आहे. पहिल्यांदा कोणती जाडी घ्यावी हे स्केलिंगच्या वेळीच विचारून, आरशात पाहून शिकून घ्यावे. पाण्याच्या फवाऱ्याची यंत्रे ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने पक्के बसवलेले कृत्रिम दात) किंवा तारा असणाऱ्यांना उपयोगी पडतात, पण चिकट थर घासूनच निघतो. दातांमधली ही सफाई दिवसातून एकदा पुरते.

ती रात्री करावी, ब्रशच्या आधी. आपल्या घरांमध्ये सकाळी चहापूर्वी दात घासण्याची पद्धत पक्की आहे आणि ती मोडण्याचे कारण नाही. पण सकाळ-रात्र यांपैकी एकच वेळ नीट साधणार असेल तर मी रात्रीची निवडेन. झोपेत लाळ फार कमी स्रवते. दिवसा लाळ आम्ल धुऊन काढते, त्याची तीव्रता घटवते आणि दाताला क्षार परत देते. हे संरक्षण रात्री नसते, आणि जेवणाचे अंश तसेच ठेवून झोपले तर जंतूंना आठ तास मोकळे मिळतात.

आता पेस्ट. तिच्यात फ्लोराइड असावे; बाकी रंग, चव, लवंग, औषधी वनस्पती हे ज्याच्या त्याच्या आवडीवर सोडावे. डब्यावर किंवा नळीवर फ्लोराइडचे प्रमाण लिहिलेले असते आणि आपल्या बाजारात ते साधारण १००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत एक हजार भाग) आसपास असते. फ्लोराइड दाताच्या आवरणातून निघून गेलेले क्षार परत बसण्यास मदत करते आणि ते आवरण आम्लाला अधिक चिवट बनवते. फ्लोराइडने दात पिवळे पडतात ही शंका पुष्कळदा विचारली जाते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतील काही गावांत जमिनीखालच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असते आणि लहानपणी वर्षानुवर्षे ते पोटात गेल्याने दातांवर डाग येतात. मोठ्या माणसाने पेस्ट लावून थुंकून टाकण्याशी त्याचा संबंध नाही. पेस्ट लावल्यानंतर फेस थुंकावा आणि लगेच खळखळून चुळा भरू नयेत, कारण त्याने दातावर राहायला हवे असलेले फ्लोराइडही धुतले जाते. आपल्याकडे जेवणानंतर चूळ भरण्याची जी सवय आहे ती मात्र उत्तम आहे, ती मुलांनाही लावावी. फक्त ब्रशनंतरची चूळ टाळावी.

मीठ-हळदीविषयी आपल्या मनात श्रद्धा असेल तर कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून गुळण्या करण्यास माझी हरकत नाही. सुजलेल्या हिरडीला त्याने आराम वाटतो. पण खडबडीत मीठ, राखुंडी, कोळशाची पूड किंवा भाजलेल्या विटेची भुकटी बोटाने चोळल्याने आवरण झिजते, आणि बोट हिरडीच्या कडेत शिरत नाही. लिंबाने दात पांढरे करण्याचा प्रयोग तर कधीही करू नये. दुखऱ्या दाताशेजारी डोकेदुखीची गोळी दाबून ठेवल्याने गाल आणि हिरडी भाजते. दंतवैद्यांनी क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचे माउथवॉश दिले असेल तर ते सांगितलेल्या मुदतीपुरतेच, बहुधा दोन आठवडे, वापरावे. जास्त काळ वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बदलते. ते आणि पेस्ट यांत किमान अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे.

दात किडण्याचा हिशेब साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली यावर अधिक चालतो. प्रत्येक गोड घासानंतर काही मिनिटांत थरातील जंतू आम्ल तयार करतात. त्या जागेचा पीएच (आम्लता मोजण्याचा आकडा; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचे क्षार विरघळू लागतात, आणि लाळेला ही स्थिती पूर्ववत करायला अर्धा ते एक तास लागतो. जेवणाबरोबर खाल्लेली एक मोठी गोड वाटी त्यामुळे, कचेरीत दिवसभर थोड्या थोड्या वेळाने घेतलेल्या साखरेच्या पाच कप चहापेक्षा आणि त्यासोबतच्या बिस्किटांपेक्षा, दातांना कमी त्रासदायक ठरते. उसाचा रस, लिंबू सरबत किंवा शीतपेय घेतल्यावर लगेच ब्रश करू नये; पाण्याने चूळ भरावी आणि अर्धा तास थांबावे.

आपल्या मधुमेहाचा या सगळ्याशी थेट संबंध आहे. रक्तातील साखर अनियंत्रित असताना हिरडीची जंतूंशी लढण्याची आणि भरून येण्याची क्षमता घटते, आणि हिरड्यांतील जुनाट सूज उलट साखर आटोक्यात आणणे कठीण करते. आपल्या फिजिशियनना हिरड्यांविषयी आणि दंतवैद्यांना एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी रक्तशर्करा दाखवणारी तपासणी) अहवालाविषयी आवर्जून सांगावे. काही औषधांनी तोंड कोरडे पडते, तसे होत असेल तर तेही सांगावे, कारण लाळ कमी झालेल्या तोंडात कीड फार वेगाने पसरते.

मुलाविषयी. पाच वर्षांच्या मुलाच्या हातात ब्रश देऊन मोकळे होऊ नये. सात-आठ वर्षांपर्यंत बोटांवरचा ताबा पुरेसा नसतो, म्हणून त्याने हौसेने घासून झाल्यावर आपण त्याच्या मागे उभे राहून, त्याचे डोके आपल्या अंगाशी टेकवून पुन्हा ब्रश करावा. पेस्ट वाटाण्याएवढी पुरे, आणि थुंकायला शिकवावे. दुधाचे दात पडणारच आहेत या विचाराने कीड दुर्लक्षित केली जाते, पण दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात आणि कायमच्या दातांची जागा त्याच राखतात. झोपताना साखर किंवा चॉकलेटची पावडर घातलेले दूध प्यायची सवय असेल तर दूध आधी आणि ब्रश नंतर, हा क्रम बदलू देऊ नये. पुढच्या वर्षभरात त्याच्या सर्वात मागच्या दुधाच्या दाढेच्याही मागे एक नवी दाढ उगवेल. ती कायमची असते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून ती आल्याचे घरात कोणाला कळत नाही आणि पुष्कळ मुलांत ती वर्ष-दोन वर्षांत किडते. उगवताना ती शेजारच्या दाढेपेक्षा खाली असते, त्यामुळे नेहमीचा ब्रश तिच्यावरून निसटतो. गालाच्या बाजूने ब्रश आडवा घालून ती वेगळी घासावी. ती पुरी वर आली की तिच्या खोल खाचा सीलंटने, म्हणजे दंतवैद्य लावतात त्या पातळ संरक्षक लेपाने, बुजवून घेता येतात. हा उपाय दुखत नाही आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

सासूबाईंची कवळी रात्री काढून पाण्यात ठेवावी. रात्रंदिवस लावून ठेवली तर तिच्याखाली टाळू लाल होतो आणि बुरशी वाढते. कवळी रोज साध्या साबणाने आणि मऊ ब्रशने, खाली पाण्याने भरलेली परात ठेवून धुवावी, म्हणजे हातातून निसटली तरी फुटत नाही. टूथपेस्टने तिच्यावर ओरखडे पडतात आणि उकळत्या पाण्याने ती वाकडी होते. त्यांचे खालचे दात वर सांगितलेल्या पद्धतीनेच स्वच्छ करावेत. बोटे आखडत असतील तर बॅटरीवर चालणारा ब्रश त्यांना सोपा जाईल.

मिश्री हा या उत्तरातील सर्वात महत्त्वाचा भाग आहे. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली ती तंबाखूच आहे. तंबाखू घातलेली मंजने आणि पेस्ट बनवण्यावर आपल्या देशात १९९२ मध्ये बंदी आली, पण घरी भाजलेल्या मिश्रीपर्यंत ती पोहोचली नाही. मिश्रीने दात बळकट होतात असे त्यांना वाटत असेल, आणि ती लावली नाही की दात दुखतात, पोट साफ होत नाही असेही त्या सांगत असतील. हा त्रास निकोटिनच्या सवयीचा आहे आणि तो खरा असतो, म्हणून त्यांना रागावून उपयोग होणार नाही. दिवसातून किती वेळा लावतात ते लिहून एकेक वेळ कमी करणे, त्या वेळेला तोंडात बडीशेप किंवा ओवा देणे, आणि गरज पडल्यास १८००-११-२३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती क्रमांकावर किंवा डॉक्टरांशी बोलणे हा मार्ग मला अधिक फलदायी वाटतो. तोवर महिन्यातून एकदा उजेडात, कवळी काढून, त्यांचे ओठ, गालाची आतली बाजू, हिरड्या, जिभेच्या कडा आणि जिभेखालचा भाग आपण स्वतः पाहावा. खरवडूनही न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा, गाठ, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, तर ती दुखत नसली तरी थांबू नये; सुरुवातीचा तोंडाचा कर्करोग बहुतेक वेळा दुखत नाही. आपण स्केलिंगसाठी जाल तेव्हा सासूबाईंनाही सोबत न्यावे आणि त्याच दिवशी त्यांचे तोंड तपासून घ्यावे.